तू थांबतेस तेव्हा

शैला,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. सहा जण बोलले आणि त्यातल्या चौघांनी एकच प्रसंग सांगितला. कोपरच्या तुझ्या कथकच्या क्लासमध्ये सुधाताईंच्या पाठीला पहिल्यांदा तो थरथरणारा पट्टा बांधला, तू नाचलीस, आणि ज्यांनी वयाच्या नवव्या वर्षानंतर काहीच पाहिलं नव्हतं त्या सुधाताईंच्या, म्हणजे माझ्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. प्रसंग सांगून झाला की दर वेळी हॉलमध्ये एक हलका आवाज व्हायचा, पुष्कळ माणसांनी एकदम श्वास घेतल्यासारखा. शेजारी तुझी मुग्धा बसली होती. तुझ्या विद्यार्थिनींपैकी सर्वांत जुनी, आता क्लास तीच चालवते. तिने दोनदा माझा हात दाबला. मी गप्प राहिले.

या प्रसंगाबद्दल मी गप्प राहण्याची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला तू माझ्याशी चार महिने बोलली नव्हतीस. आता तेवढीही सोय उरली नाही, म्हणून लिहायला बसले आहे. ब्रेलच्या पाटीवर एकेक टिंब टोचत लिहिते आहे, त्यामुळे सावकाश होईल.

डोळ्यांत पाणी आलं होतं. पण तुझा नाच मला कळला नव्हता. तू विचारलंस, 'कसं वाटलं?' आणि मी म्हटलं, 'छान.' ते खोटं होतं. तुला ते पुढे समजलं, आपण त्यावर भांडलो, नंतर पुन्हा बोलायला लागलो, आणि तरीही ते पुरतं बोलून झालं नाही.

आपली ओळखच तक्रारीतून झाली होती, आठवतं? तू आम्हा अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचीस. मी ठाण्यात एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते आणि संध्याकाळी वर्तकनगरच्या घरी ती ऐकत बसायचे. एका कादंबरीत नायिका बोहल्यावर चढायला निघाली आणि पुढच्याच वाक्यात तिच्या कडेवर मूल. मी नंबर मिळवून तुला फोन केला.

'बाई, तुमचं पान गळलंय.'

'नाही हो. लेखकानेच तसं लिहिलंय.'

'लेखक इतक्या घाईत नसतो.'

तू पुस्तक आणायला गेलीस. रिसीव्हरमधून पानं उलटल्याचा आवाज आला, मग तुझं हसू. 'अय्या, चार पानं गेली! लग्न गेलं, डोहाळजेवण गेलं, बाळंतपणही गेलं. बिचारी!'

त्यानंतर नवीन पुस्तक वाचून झालं की तू आधी मला पाठवायचीस आणि दोन दिवसांनी फोन करायचीस, 'बोल, काय चुकलं?' मी सांगायचे. वाक्याच्या शेवटी तुझा आवाज पडतो. म्हातारी माणसं बोलायला लागली की तू सगळ्यांना दमेकरी करतेस. बाकीचे ऐकणारे म्हणायचे, शैलाताईंचा आवाज किती गोड. तू म्हणायचीस, 'गोड म्हणणारे रग्गड आहेत. मला सुधा पाहिजे.' म्हणूनच माझ्या त्या एका 'छान'चं वजन तुझ्या लेखी इतकं झालं. ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी ते म्हटलं.

त्या पट्ट्याच्या यंत्राची सुरुवातही माझ्याच एका तक्रारीने झाली. डोंबिवलीत मुग्धाचा पहिला मोठा कार्यक्रम होता आणि तू मला शेजारी बसवून कानात सांगत होतीस, आता हात वर गेला, आता वळली, आता मान. पुढच्या रांगेतून दोनदा 'शू' आलं. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, 'तू सांगतेस ते चांगलंच आहे गं. पण तू सांगेपर्यंत ते होऊन गेलेलं असतं.'

महिन्याभराने तुझा मोबाइल बिघडला आणि तू तो दिवा गावात सोनवण्यांच्या दुकानात घेऊन गेलीस. त्यांची मुलगी तुझ्याकडे शिकत होती. पन्नाशीचे गृहस्थ, मोबाइल दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं. फोन थरथरतो तो ज्या इवल्याशा मोटरीमुळे, ती त्यांनी काढून तुझ्या तळहातावर ठेवली. तू म्हणालीस, 'ही अशी अंगभर लावली तर?'

'अंगभर? मॅडम, मग माणूसच वाजायला लागेल.'

'वाजू दे की.'

मोटर चालते की नाही हे सोनवणे ओठाला लावून बघायचे. सोल्डरिंगचे डाग देऊन देऊन त्यांची बोटं बधीर झाली होती. हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा तुझा आवाज एखाद्या शाळकरी मुलीसारखा झाला होता.

पहिला पट्टा तुमच्या दोघांच्या बुद्धीने झाला. तुझ्या टाचांना आणि चवड्यांना दाब ओळखणाऱ्या पट्ट्या, माझ्या पाठीला आठ मोटरी. तू पाय आपटलास की माझी पाठ थरथरायची. तुम्ही डोळस माणसं. कथक म्हणजे पाय, हे तुम्ही धरूनच चालला होतात. त्या दिवशी तू अर्धा तास नाचलीस. मला तुझे पाय ऐकू येत होते, घुंगरू ऐकू येत होते, आणि जे ऐकू येत होतं तेच कुणीतरी माझ्या पाठीवर टकटक करून पुन्हा सांगत होतं. एखाद्या ऐकू येणाऱ्या माणसाला तेच वाक्य ओरडून परत सांगावं तसं.

मग पाणी का आलं? हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या आधी मी अनेक कार्यक्रमांना गेले होते. दीप लावायला, सत्कार घ्यायला, शाल पांघरून बसायला. त्या दिवशी तुझ्या क्लासमध्ये एकच खुर्ची होती आणि ती बघणाऱ्याची होती. कुणीतरी माझ्यासाठी नाचत होतं, माझा उपयोग म्हणून नाही, मी प्रेक्षक म्हणून. तू धापा टाकत समोर आलीस, सोनवणे श्वास रोखून उभे होते, आणि तू विचारलंस, 'कसं वाटलं?'

आम्हाला कृतज्ञ राहायची सवय लावली जाते, शैला. मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून मला भिंतीवर लावायचं मोठं निसर्गचित्र भेट दिलं होतं. मी त्यावरून हात फिरवला, गुळगुळीत काच लागली, आणि मी म्हटलं, 'छान आहे.' तुलाही मी तसंच म्हणाले. नाही म्हटलं तर ती खुर्ची उचलली जाईल, अशी भीती वाटली. तू खुर्ची उचलणाऱ्यांतली नाहीस, हे समजायला हवं होतं.

आठ महिने तू त्या एका शब्दावर काम केलंस. पट्ट्या अधिक नाजूक झाल्या, मोटरी अधिक झाल्या, एकाचे अकरा पट्टे झाले. जाशील तिथे तू माझ्या डोळ्यांतल्या पाण्याची गोष्ट सांगायचीस. मी शेजारी बसून ऐकायचे आणि माझे कान गरम व्हायचे.

मग ठाण्याचा तो कार्यक्रम. अकरा जणांना पट्टे बांधले. तू मन लावून नाचलीस. टाळ्या झाल्या. आणि मग तुझ्या स्वभावाप्रमाणे तू प्रत्येकासमोर जाऊन विचारायला लागलीस. पाटणकरकाका म्हणाले, 'बाई, मणक्यात इतकी वर्षं अडकलेलं काहीतरी मोकळं झालं बघा. रोज येऊ का?' सगळे हसले, तूही हसलीस. मग कल्याणहून आलेली ती कॉलेजातली मुलगी बोलली. तिला कृतज्ञतेची सवय अजून लागली नव्हती.

'मॅडम, पाय तर मला ऐकू येतच होते. हे परत पायच सांगतंय ना? मग बाकीची बाई कुठाय?'

कुणी हसलं नाही. मी मान खाली घातली. तू माझ्याकडे बघत असणार, असं मला वाटलं.

रिक्षात बसल्यावर तू विचारलंस, 'तुला माहीत होतं?'

'काय?'

'सुधा, काय म्हणून विचारू नकोस.'

'हो.'

'पहिल्या दिवसापासून?'

'हो.'

रिक्षावाल्याने विचारलं, 'मॅडम, इथून आत घेऊ का?' आपण दोघीही काही बोललो नाही, तेव्हा तो सरळ गेला. मग तू बोलायला लागलीस. 'क्लासमध्ये मी आयांना काय सांगते माहितीये? पोरीला छान म्हणू नका. छान म्हटलं की ती तिथेच बसते. आणि तू मला तेच केलंस. तू माझी आई नाहीस, सुधा. मला आई नको होती.'

मला तेव्हा नुसतं 'चुकले' म्हणता आलं असतं. त्याऐवजी मी म्हटलं, 'आणि तू काय केलंस? माझ्या डोळ्यांतलं पाणी गावभर वाटत सुटलीस. मला विचारलं होतंस?' तू रिक्षा थांबवलीस आणि तिथेच उतरलीस. ते वाक्य खरं होतं. अजूनही मला ते मागे घ्यावंसं वाटत नाही. पण ते बोलायची वेळ ती नव्हती.

चार महिने. पुस्तकंसुद्धा आली नाहीत. मी तुझी जुनी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचे आणि चुका शोधायचे. सापडायच्या, आणि सांगायला कुणी नसायचं.

मग एका दुपारी बेल वाजली. 'चहा टाक,' तू म्हणालीस. कप खाली ठेवून तू म्हणालीस, 'उठ. हात दे.'

'कशाला?'

'इतकी वर्षं पोरींचे हात धरून शिकवतेय. मनगट धरायचं, कोपर उचलायचं, पाठीवर थाप मारायची. तुझ्याच बाबतीत मला आधी मशीन कशी सुचली?'

'मी पोरगी नाही म्हणून.'

'अगं, तेच. तुझ्या अंगाला हात लावायचा म्हणजे मला संकोच, आणि माझ्या अंगाला हात लावायचा म्हणजे तुला.'

तू माझे दोन्ही हात तुझ्या खांद्यांवर ठेवलेस. इतक्या वर्षांच्या मैत्रीनंतर मला त्या दिवशी कळलं की तू माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी आहेस. आवाजावरून मी तुला उंच धरून चालले होते. मी तसं म्हटल्यावर तू इतकी हसलीस की तुझे खांदे माझ्या हातांखालून निसटले. मग तू अगदी संथ नाचायला लागलीस, माझ्या बैठकीच्या खोलीत, टीपॉय सरकवून, आणि मी तुझ्यामागे तुझं मनगट, कोपर, पाठ धरत फिरत होते. हात वर जाण्याआधी तुझ्या पाठीत काहीतरी सरकायचं. मान वळण्याआधी पोट घट्ट व्हायचं. पाऊल ही सगळ्यात शेवटची गोष्ट होती, आणि आपण आठ महिने तीच पाठवत होतो.

'आता कळलं ते सांगू नकोस,' तू म्हणालीस. 'कळलं नाही तेवढंच सांग.'

तोच आपला नियम झाला. दर गुरुवारी दुपारी दिव्याच्या बुद्धविहारात आपण भेटायला लागलो. जागा सोनवण्यांनी बघितली. 'ताई, आमच्या विहाराचा हॉल दुपारी रिकामा असतो. फरशी गुळगुळीत, कोणी डोकवायला येत नाही. फक्त नळाला पाणी आलं तर मी मधेच पळेन, चिडायचं नाही.' ते खरोखरच पळायचे, आणि तोवर सगळं यंत्र हातात धरून आपण दोघी बसायचो. तुझ्या वहीत फक्त न कळलेल्या गोष्टी होत्या. हात वर गेला, पण तळवा कुणीकडे? वळलीस, पण सरकलीस का जागच्या जागी? तू वाचून दाखवायचीस आणि त्या त्या ओळीवर आपण पुन्हा भांडायचो.

पट्टा गेला. त्याच्या जागी मांडीवर घ्यायची चपटी उशी आली आणि हातांत घालायच्या दोन बाह्या. तू रंगमंचावर डावीकडे गेलीस की उशीतली थरथर माझ्या डाव्या तळहाताखाली जायची. तुझा हात उचलला की माझ्या मनगटापासून खांद्यापर्यंत काहीतरी चढत जायचं, मुंगीच्या पायांनी. पहिल्यांदा तू चक्कर घेतलीस, ती उशीवरून माझ्या दोन्ही तळव्यांखाली गोल फिरली, एक, दोन, तीन, आणि मी बसल्या जागी खुर्ची घट्ट धरली. मला फिरल्यासारखं झालं.

'काय नाही कळलं?' तू विचारलंस.

'थांब जरा,' मी म्हटलं. 'हे कळलेलं आहे. हे आधी संपू दे.'

तू शेजारी येऊन बसलीस आणि त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाहीस. त्या दुपारबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. आभार आणि खोटं यांची माझ्या मनात एकदा गाठ बसली होती, म्हणून मानले नाहीत. आज मानते.

भांडण राहिलं ते थांबण्याचं. नाचता नाचता तू समेवर यायचीस, ताल जिथे येऊन टेकतो तिथे, आणि एकदम स्थिर व्हायचीस. त्या क्षणी सगळ्या मोटरी बंद. उशी म्हणजे नुसती उशी.

'तू थांबतेस तेव्हा तू नाहीशी होतेस,' मी म्हटलं.

'अगं, थांबते तेव्हाच तर लोक बघतात. बाकी सगळं त्याच्यासाठी असतं.'

'लोकांना तू दिसतेस. मला तू गेलेली असतेस.'

सोनवणे म्हणाले, 'आमच्याकडे लाइट गेल्यावर असंच होतं. टीव्हीतली बाई मेली का सिरीयल संपली, काय कळत नाय. मॅडम, मी एक बारीक व्हायब्रेशन चालू ठेवू का? बाई उभी आहे, एवढं समजायला?'

'नाही,' तू म्हणालीस. 'मी हलत नसताना हलतेय असं तिला सांगायचं? परत खोटं?'

तो 'परत' माझ्यासाठी होता. पण मी हट्ट सोडला नाही. थांबणं म्हणजे रिकामं नसेल तर त्यात काय असतं ते सांग, तेच पाठवू, असं मी दर गुरुवारी म्हणायचे. तुला ते सांगता यायचं नाही. 'ते दाखवायचं असतं, सुधा.' 'मग दाखव.' 'कसं दाखवू? तुला!' असं एकदा तुझ्या तोंडून गेलं, आणि तू लगेच माझा हात धरलास. मला वाईट वाटलं नव्हतं. तू पहिल्यांदाच माझ्याशी न जपता बोलली होतीस.

गुरुवार बंद झाले ते तुझ्या दुखण्यामुळे. दवाखान्यात तुला भेटायला सगळे यायचे आणि सगळे म्हणायचे, मॅडम, छान दिसताय, चेहऱ्यावर तेज आहे. एका दुपारी ते सगळे गेल्यावर तू विचारलंस, 'सुधा, मी कशी दिसते?'

'कोणाला विचारतेयस!'

'तुलाच. बाकीचे छान म्हणतात.'

इतक्या गुरुवारांत मी तुझ्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. चेहरा यंत्रात येणार नाही, तो राहू दे, असं आपलं ठरलं होतं. मी पदराला हात पुसले आणि तुझ्या चेहऱ्यावर ठेवले.

'गाल आत गेलेत,' मी म्हटलं. 'भुवईचं हाड वर आलंय. ओठांची साल निघतेय. केस विंचरलेले नाहीत.'

मग तळव्यांखाली तुझे गाल हलले. तू हसत होतीस.

'आत्ता पटलं बाई मी आजारी आहे ते. थांब, हात काढू नकोस. हे ओळख.'

तुझ्या कपाळाखाली काहीतरी आवळलं गेलं, नाकपुड्या ताणल्या. 'राग,' मी म्हटलं.

'बरोबर. आणि हे?'

पापण्या उचलल्या गेल्या आणि तशाच राहिल्या. ओठ किंचित सुटले. 'कुणाची तरी वाट बघतेयस.'

'शाबास. आता हे.'

तिसरं मला ओळखता आलं नाही. फार थोडं काहीतरी हललं होतं, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीत, आणि ते बराच वेळ टिकलं. मी दोनदा चुकीचं सांगितलं. 'काय होतं गं?'

'नाही सांगणार. घरी जाऊन विचार कर.'

मी अजून विचार करते आहे.

नंतर तू बोलेनाशी झालीस. दुपारी तू झोपलेली असायचीस, मी पांघरुणावरून तुझ्या बरगड्यांवर हात ठेवून बसायचे. तू हलत नव्हतीस, आणि तू आहेस हे मला माहीत होतं. तेव्हा मला यंत्राची आठवणही झाली नाही.

ती झाली तू गेल्यावर. कोपरच्या घरात तुला खाली ठेवलं होतं. मुग्धाने माझा हात धरून तुझ्या पावलांवर ठेवला. घोट्याभोवती घुंगरांच्या दोरीने पडलेला कडक वळ लागला. त्या पावलांना मी किती वेळा थांबलेलं अनुभवलं होतं. हे थांबणं निराळं होतं. हात ठेवताक्षणी कळलं, कुणी सांगावं लागलं नाही. समेवर तू कधीच इतकी थांबलेली नव्हतीस. आणि आपली उशी मात्र दोन्हीबद्दल एकच सांगत आली होती.

मला वाटतं आपण दोघीही बरोबर होतो, थांबणं रिकामं नसतं हे तुझं आणि ते उशीत यायला हवं हे माझं, आणि हे मला तुझ्या पायांशी बसून कळावं याचा मला राग आला.

पुढच्या आठवड्यात मी सोनवण्यांना फोन केला. 'बरगड्यांना काही बांधता येईल का? श्वास कळेल असं?'

'येईल की. इलास्टिकचा पट्टा, ताणला की सिग्नल जाईल. पण ताई, मॅडम नको म्हणायच्या.'

'त्या खोटं नको म्हणायच्या. श्वास खोटा नसतो.'

ते म्हणाले, 'गुरुवारी आणतो.'

गेल्या गुरुवारी मुग्धाने तो पट्टा बांधला. तू ठरवून ठेवलेला कार्यक्रम येत्या रविवारी आहे, तुझ्या जागी ती नाचणार आहे. ती सुरेख नाचली. हातांत तुझी सवय ओळखू येते, उजवं कोपर जरा उशिरा उचलायची. मग ती समेवर आली आणि थांबली. बाह्या शांत झाल्या. उशीच्या मधोमध, माझ्या तळव्यांखाली, काहीतरी भराभर वर आलं, खाली गेलं, वर आलं. मी दचकले. मी संथ काहीतरी धरून चालले होते, तुझ्या झोपेतल्यासारखं. ही धाप होती. पळत आलेल्या माणसाची.

मी सोनवण्यांना विचारलं, 'ती आत्ता कशी उभी आहे?'

'एकदम पुतळ्यासारखी. हसतेय.'

म्हणजे थांबण्यात हे असतं तर. बाहेरून पुतळा, हसरा, आणि आत हे सगळं चाललेलं, आणि ते धरून ठेवलेलं. तुला सांगता न येणारं ते हेच होतं का, मला माहीत नाही. असेल. नसेलही.

मुग्धाला मात्र ते सहन झालं नाही. काय कळलं ते तिने मला विचारलं, मी धापेचं सांगितलं, आणि ती पट्टा सोडायला लागली. 'ताई, हे नको. मला लाज वाटते. मॅडम काय म्हणायच्या? बघणाऱ्याला धाप दिसली की नाच संपला. पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं त्यांनी. आणि आपण रविवारी तेच लोकांच्या हातात देणार?'

मलाही ते ठाऊक आहे. तुझ्या क्लासच्या बाकावर बसून मी ते कितीदा ऐकलं आहे, 'तोंड मिट! धाप पोटात ठेव!' जे लपवण्यात तुझं आयुष्य गेलं, ते मी उघडं करायला निघाले आहे. डोळसांना तुझं हसू मिळालं. आम्हाला त्याची किंमत मिळेल. तू असतीस तर म्हणाली असतीस, 'सुधा, हा नाच नाही, ही नाचाच्या घरातली मोरी आहे. ती पाहुण्यांना दाखवायची?' मी म्हटलं असतं, 'तुला खरं हवं होतं.' तू म्हणाली असतीस, 'खरं सगळं दाखवायचं नसतं.' आणि मग मी काय म्हटलं असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

पण रविवारी बावीस जण उशी मांडीवर घेऊन बसणार आहेत. कल्याणची ती मुलगीही येणार आहे. बाई थांबली की ती पुन्हा विचारेल, कुठे गेली? या वेळी मला तिला 'छान' म्हणून बसवायचं नाही.

मुग्धाचा काल फोन आला. 'ताई, शेवटचं विचारते. पट्टा ठेवायचा की काढायचा?'

'ठेव,' मी म्हटलं.

ती 'बरं' म्हणाली. तिला पटलेलं नव्हतं, पण ती पुढे बोलली नाही, माझ्या वयाचा मान राखून. फोन ठेवण्याआधी मी थोडा वेळ तशीच थांबले. इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडत आले, आणि माझं म्हणणं कुणीही न अडवता मान्य झालं, असं हे पहिल्यांदाच झालं.